जागा आपली, झाड आपलं, मग परवानगी कशाला?

प्रश्न: ठाण्यातली आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चाललीय. कंपाउंडमध्ये दोन जांभळं, एक आंबा आणि गेटजवळ मोठा शिरीष आहे, सगळी बिल्डिंगच्या आधीपासूनची. सेक्रेटरी म्हणतात जागा आपली, झाडं आपली, विचारायचं कोणाला. त्यात मागच्या आठवड्यात एका जांभळाच्या बुंध्याला ड्रिलने भोकं पाडलेली दिसली, आत काहीतरी ओतलंय, पानं पिवळी पडतायत. काय करू?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, आधी जांभळाचं बघा, बाकीचं नंतर. भोकांचे जवळून फोटो काढा, एक फोटो असा काढा की झाडामागे बिल्डिंग दिसेल, आणि आजच महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याला लेखी तक्रार देऊन पंचनामा मागा. महाराष्ट्रात शहरांसाठी 1975 पासून झाडांचं संरक्षण आणि जतन करायचा कायदा आहे आणि त्यात ‘झाड तोडणे’ म्हणजे फक्त करवत लावणं नाही, जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही त्यातच येतं. म्हणजे विष घालून वाळवायचं आणि मग ‘मेलेलं झाड आहे हो, काढून टाकतो’ म्हणायचं, हा गुन्हाच आहे. पण झाड पूर्ण वाळल्यावर सिद्ध करणं फार कठीण जातं, म्हणून घाई करा.

सेक्रेटरींना सांगा, जागा खाजगी असली तरी वृक्ष प्राधिकरणाच्या, म्हणजे महापालिकेत झाडांबद्दल निर्णय घेणाऱ्या समितीच्या, परवानगीशिवाय झाड पाडता येत नाही. अर्ज आला की अधिकाऱ्याने येऊन झाड बघायचं, पेपरात जाहिरात द्यायची आणि त्या झाडावर नोटीस लावायची असते. हरकत घ्यायची खरी संधी ती नोटीसच आहे. आमच्या गल्लीतल्या पिंपळाची नोटीस भिंतीकडच्या बाजूला चिकटवलेली होती, पावसाने अर्धी गळालेली, आणि आम्ही रोज समोरून जात होतो तरी कोणाला दिसली नाही, कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती आणि पार तेवढा उरला. अजून जीव हळहळतो. तेव्हा झाडाभोवती पूर्ण फेरी मारत जा.

हरकत लिहिताना नुसतं ‘झाडं वाचवा’ लिहू नका. डेव्हलपरचा नकाशा मागून घ्या आणि झाड नेमकं कुठे येतंय बघा. ते नव्या इमारतीच्या खाली येत नसेल, साइड मार्जिनमध्ये (इमारतीच्या बाजूला सोडलेल्या मोकळ्या जागेत) असेल आणि फक्त पार्किंगच्या रॅम्पसाठी जाणार असेल तर तसं स्पष्ट लिहा, कारण रॅम्प सरकवता येतो. प्रत्येक झाडाचा घेर मोजून लिहा, फोटो जोडा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज धरतात, आणि झाड तोडलंच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट आहे. तुमचा शिरीष त्यात बसत असेल, तर जुने फोटो, जुन्या रहिवाशांचं लेखी म्हणणं, जे मिळेल ते गोळा करा.

परवानगी मिळाली तरी लगेच तोडता येत नाही, मध्ये 15 दिवस सोडावे लागतात, त्या दिवसांत वर दाद मागता येते. पण मुंबईतल्या आरेचं आठवा, मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायची होती, 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या, 7 तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं तोपर्यंत 2,141 झाडं गेली होती. म्हणून वकिलाशी आत्ताच बोलून ठेवा, नोटीस लागायची वाट बघू नका.

आणि एक, तोडायला माणसं आली तर परवानगीचा कागद हातात घेऊन झाडं मोजा. कागदावर तीन आणि टेम्पोत पाच, असं होतं. जास्तीच्या झाडाला हात लावताना दिसले की तिथूनच पोलिसांना आणि उद्यान विभागाला फोन लावा.