तीन महिन्यांच्या बाळाला कॅरिअरमध्ये तोंड बाहेर करून बसवलं तर चालेल का? आणि कॅरिअर किती दिवस वापरता येतो?

आत्ता नको. तुमच्या बाळाचं तोंड सध्या तुमच्या छातीकडेच हवं. मान पक्की धरली, हनुवटी कॅरिअरच्या काठावरून मोकळी वर यायला लागली की मग बघा. याला साधारण पाच-सहा महिने लागतात. तेव्हाही थोडाच वेळ, आणि डोळे पेंगुळले की लगेच आत वळवायचं.

खरी काळजी श्वासाची. हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते, आणि अशा वेळी बाळ रडेलच असं नाही. म्हणून 'शांत झोपलंय' एवढ्यावर निर्धास्त राहू नका. हनुवटीखाली तुमची दोन बोटं सहज जायला हवीत, नाक-तोंड सतत दिसायला हवं, आणि नुसती मान झुकवली तरी टाळूचा मुका घेता यावा इतकं बाळ वर हवं. पट्टे सैल ठेवले की बाळ आत घसरून त्याचं मुटकुळं होतं. कापडी स्लिंगबद्दल, म्हणजे खांद्यावरून घ्यायच्या झोळीबद्दल, अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये इशारा दिला होता, तो विशेषतः चार महिन्यांखालच्या, कमी दिवसांच्या आणि सर्दी झालेल्या बाळांसाठी. तुमचं बाळ यात बसत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पायांचं म्हणाल तर गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार. आमच्या सासूबाईंना वाटायचं, पाय फेंगडे होतील. मी म्हटलं, "आई, तुम्ही कडेवर घेता तेव्हा ते कसे असतात?" मग त्यांनीच पट्टे ओढून दिले. खुब्याला त्रास होतो तो पाय सरळ, घट्ट बांधून ठेवल्याने.

आधाराशिवाय बसायला लागलं की पाठीवर घेता येतं. सुरुवातीला पलंगाशेजारी उभं राहून, कुणाला तरी मागे धरायला सांगून बांधा. वजनाची मर्यादा खोक्यावर असते, ती पाळा. पण त्याआधी बहुधा तुमचे खांदेच बोलायला लागतील, म्हणून कमरपट्टा असलेलाच घ्या.

गॅसपाशी कॅरिअर नको. स्कूटरवर तर नाहीच. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर हार्नेस, म्हणजे चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा लागतो, नऊ महिन्यांपासून हेल्मेटही, आणि वेग ताशी ४० किमीच्या आत. कॅरिअर म्हणजे तो हार्नेस नव्हे, दुकानदार काहीही सांगो.