इन्फेक्शन असताना स्टिरॉइड कसं काय दिलं?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही चोपडा तालुक्यातले, केळीची शेती आहे. आबा 68 वर्षांचे, गुडघेदुखीसाठी दोन वर्षं बाजारातल्या बिननावाच्या पुड्या रोज घ्यायचे, आरामही पडायचा. मागच्या महिन्यात लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप, उलट्या, तेव्हा म्हटलं आधीच एवढी औषधं चालूयत म्हणून पुड्या आम्हीच बंद केल्या. तिसऱ्या दिवशी बीपी पार खाली, जळगावला आयसीयूत नेलं, सलाईन चढवूनही बीपी वर येईना. मग तिथं स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं, म्हणाले किडनीवरची ग्रंथी झोपलीय. आबा वाचले, आता गोळ्या चालूयत. पण स्टिरॉइडनं इन्फेक्शन वाढतं ना?

उत्तर : भाऊ, आबा घरी आले हे वाचून फार बरं वाटलं. दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ॲड्रिनल ग्रंथी असते, पाचेक ग्रॅमची, ती कॉर्टिसॉल बनवते, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइडच. मोठं इन्फेक्शन झालं की निरोगी ग्रंथी त्याचं उत्पादन कितीतरी पटीनं वाढवते, कारण त्याच्याशिवाय रक्तवाहिन्या आवळत नाहीत, बीपी पडतं, साखरही घसरते. त्या पुड्यांत स्टिरॉइड असणार असा मला दाट संशय आहे, बिननावाच्या पुड्यांत ते सर्रास सापडतं. बाहेरून रोज आयतं मिळालं की मेंदू ग्रंथीला हुकूम देणंच थांबवतो आणि ती आक्रसते. आबांना गरज सगळ्यात जास्त होती नेमकी तेव्हाच पुड्या बंद झाल्या, ग्रंथी तर उठायला तयार नाही. यात तुमचा दोष नाही हो, कुणीही हेच केलं असतं.

जास्त डोसचं स्टिरॉइड बरेच दिवस घेतलं तर इन्फेक्शनचा धोका वाढतो हे खरंच, पण आबांना दिलं ते कमी पडलेलं भरून काढायला, आणि सोबत अँटिबायोटिक होतंच. ग्रंथी चांगली असलेल्यांनाही सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे इन्फेक्शननं बीपी पार खाली जातं तेव्हा, बीपी वाढवणाऱ्या औषधांनी भागलं नाही तर हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड देतात, दिवसाला साधारण 200 मिलिग्रॅम.

आता चालू गोळ्या स्वतःहून एक दिवसही चुकवू नका, ग्रंथी जागी व्हायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही. सकाळी 8 च्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसॉल तपासून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतील. ताप आला तर डोस किती वाढवायचा हे आजच त्यांच्याकडून लिहून घ्या, उलटीत गोळी पडली तर वाट बघू नका, इंजेक्शनसाठी थेट दवाखाना गाठा. आबांच्या खिशात 'स्टिरॉइड चालू आहे' अशी चिठ्ठी कायम असू द्या. उरलेल्या पुड्या फेकल्या नसतील तर पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा.