'इगर्जी'चा इंग्रजीशी काहीही संबंध नाही

गोव्यात चर्चसाठी रूढ असलेला 'इगर्जी' हा शब्द 'इंग्रजी'चा अपभ्रंश आहे काय आणि लिहिताना त्याऐवजी 'चर्च' म्हणावे काय, असे मडगावच्या एका वाचकाने विचारले आहे. दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. १५१० पासून १९६१ पर्यंत ज्या भूमीवर पोर्तुगिजांचा अंमल होता, तिथल्या वास्तूला इंग्रजांचे नाव चिकटवण्याची ही खोड आता थांबायला हवी.

मूळ शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'. त्यातले 'ग्र' फोडून कोकणीने 'इगर्ज' केले आणि मराठीने त्याला ईकार जोडला. खरी गंमत याच्याही मागे आहे. 'चर्च'च्या मुळाशी ग्रीक 'किरियाकोन', म्हणजे प्रभूचे (घर), असा शब्द आहे. 'इगर्जी'च्या मुळाशी 'एक्लेसिया', म्हणजे बोलावून भरवलेली सभा. अथेन्सच्या नागरिकांच्या सभेचे नाव हेच होते. एक शब्द घर दाखवतो, दुसरा माणसे.

गोव्यात हा दुसरा अर्थ अक्षरशः खरा ठरला, असे माझे ठाम मत आहे. १५४१ मध्ये तिसवाडीतील देवळांचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवण्यात आले, तेव्हा त्यावर संमती घेतली गेली ती गावकऱ्यांची, म्हणजे गावकारी या जुन्या गावसभेच्या सभासदांची. ती संमती सत्तेच्या दडपणाखालची होती, यात शंका नाही; परंतु 'इगर्जी' हा केवळ जुलमाचा अवशेष आहे, असे म्हणणाऱ्या अभ्यासकांना जुनी गावसभा नव्या छपराखाली बसलेली दिसतच नाही. फेस्ताच्या, म्हणजे इगर्जीच्या सणाच्या, मिरवणुकीत लाल ओपमूस हे वस्त्र खांद्यावर घेऊन चालणारी कोंफ्रारी, म्हणजे भाविकांचा बंधुसंघ, पाहावी. बामण, चारडो आणि सुदिर या जातींच्या कोंफ्राऱ्या कित्येक गावांत वेगवेगळ्या राहिल्या. धर्म बदलला तरी जात सुटली नाही, आणि सभेत कोणी बसावे हा वादही मिटला नाही. अथेन्सच्या सभेतही स्त्रियांना आणि गुलामांना जागा नव्हती.

याच सभेने गावाला शाळाही दिली. इगर्जीच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकवीत. माजोर्ड्याच्या इगर्जीत वडील गायनप्रमुख असलेले अँथनी गोन्साल्विस पुढे मुंबईत हिंदी चित्रपटांसाठी वाद्यवृंदाची रचना करू लागले, ते याच शिक्षणाच्या बळावर.