गुऱ्हाळावर आलेला होम्स

लिहिणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, राजारामपुरीत राहते. शेरलॉक होम्स आणि चि. वि. जोशींचा चिमणराव यांची कोल्हापुरात गाठ पडते, अशी क्रॉसओव्हर फॅनफिक, म्हणजे दोन वेगळ्या लेखकांची पात्रं एकत्र आणणारी चाहत्याची कथा, लिहायला घेतली आहे. पहिली तीन प्रकरणं मैत्रिणींनी एका बैठकीत वाचली. चौथ्यात दोघं समोरासमोर आले आणि कथाच थांबली. होम्स बोलत सुटतो, चिमणराव नुसता ‘हो का’ म्हणतो. काळाचाही घोळ झालाय. घरचे म्हणतात, दुसऱ्याची पात्रं घेऊन कशाला लिहितेस, स्वतःचं लिही. आणि हे कायद्यात बसतं का?

उत्तर : घरच्यांचं आधी घेते. द्रौपदीला हवं असलेलं कमळ आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत एक म्हातारं वानर आडवं पडलेलं असतं, आणि भीमाला त्याची शेपूट हलत नाही, ही वनपर्वातली गोष्ट तुझ्या घरी सगळ्यांना ठाऊक असणार. ते वानर रामकथेतून आलेलं आहे. एका कथेतला लाडका दुसऱ्या कथेतल्या लाडक्याला भेटावा ही भूक आपल्याकडे फार जुनी आहे. मला तर त्या गोष्टीतली कारागिरीच मोठी वाटते. दोघंही वायूचे पुत्र, म्हणजे भाऊ. तेव्हा गाठ पडायला कारण आहे. हनुमान युद्धात उतरला तर अठरा दिवस कशाला लागतील? म्हणून तो अर्जुनाच्या ध्वजावर बसून गर्जना करायचं वचन देतो, लढत नाही. पाहुण्याच्या बळानं यजमानाची कथा मोडू नये, याची काळजी तिथं घेतलेली आहे. तेव्हा घरी सांग, मी जुनंच काम शिकते आहे.

आता तुझी अडचण. ती मी भोगलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुझ्याच वयाची असताना मी होम्सला महाद्वार रोडवर उभं केलं होतं. समोरून एक माणूस येतो, होम्स त्याचा चुरगळलेला कान बघतो आणि म्हणतो, ‘हा पैलवान आहे.’ मला वाटलं, काय झकास जमलंय! माझ्या धाकट्या भावानं वही वाचली आणि म्हणाला, ‘पैलवानाचा कान इथं शेंबडं पोरगंही ओळखतंय, त्याला लंडनचा माणूस कशाला बोलवायचा?’ मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण त्याचं खरं होतं. मी होम्सला मिरवायला आणलं होतं, आणि ज्या गावात मिरवत होते त्या गावाला आंधळं केलं होतं. तुझ्या चौथ्या प्रकरणात हेच झालंय असा माझा अंदाज आहे. चिमणराव ‘हो का’ म्हणतो, कारण त्याला माहीत असलेलं असं तू त्याच्याजवळ काही ठेवलेलंच नाहीस.

काळाचा घोळ सोडवताना हेही सुटेल बघ. होम्सच्या कथांत 1891 ते 1894 अशी तीन वर्षं तो बेपत्ता आहे. परतल्यावर तिबेटात हिंडल्याचं सांगतो. 1891 मध्येच मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली, म्हणून तिथं त्याला उतरवायचा मोह होतो. तो आवर. चिमणराव त्या काळचा नव्हे. त्याला 1930 च्या आसपासचीच हवा मानवते. मग होम्सला म्हातारा कर. 1914 सालात घडणाऱ्या कथेत तो साठीचा आहे आणि ससेक्समध्ये मधमाश्या पाळतो. 1932 साली तो 78 वर्षांचा होईल. आणि मधमाश्या पाळणारा माणूस हिवाळ्यात कोल्हापूरकडं आला तर कुठं जाईल? गुऱ्हाळावर!

माझं आजोळ भोगावतीच्या काठी. लहानपणी पहाटे चुलवाणात चिपाडं सारली जायची ती धग अजून अंगाला आठवते. काहिलीच्या, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईच्या, कडेला मधमाश्या घोंघावत असायच्या. रस उकळून तांबूस झाला की गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, थोडा पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी करायचा आणि ती भांड्याच्या काठावर आपटून कान लावायचा. टण् आवाज आला की काहील उतरवायची. मागाहून वाचलं, की तो क्षण साधारण 118 अंश सेल्सिअसला येतो. होम्स रसायनशास्त्रातला, त्याच्या हाती थर्मामीटर दे. गुळव्याला आकडा ठाऊक नाही आणि होम्सला तो आवाज ठाऊक नाही. इथं होम्सला गप्प बसवून प्रश्न विचारायला लाव. तो गप्प बसलेला बघायला मला फार आवडेल.

आणि चिमणराव? इथं सगळ्यात मोठा निर्णय आहे : गोष्ट कोण सांगतंय? होम्सच्या बहुतेक कथा त्याचा मित्र वॉटसन सांगतो, चिमणरावाच्या चिमणराव स्वतः. एका कथेत दोन निवेदक घेतलेस तर भांडण लागेल. माझं मत विचारशील तर चिमणरावाला सांगू दे. त्याचा भाबडेपणा हेच त्याचं सोनं. समोर जगातला सगळ्यात तल्लख माणूस बसलाय आणि चिमणरावाला वाटतंय, हा साहेब काकवीच्या आशेनं ताटकळलाय. वाचकाला दोघंही कळतात, त्यांना मात्र एकमेक कळत नाहीत. असं लिहिलंस तर ‘हो का’ म्हणायला त्याला सवडच मिळणार नाही. क्रॉसओव्हर लिहावासा वाटतो तो याचसाठी. एरवी होम्सकडं आपण वॉटसनच्या डोळ्यांनी बघतो; इथं पुण्याच्या एका गृहस्थाच्या डोळ्यांनी बघायला मिळतं, आणि पाठ झालेला होम्स पुन्हा अनोळखी होतो.

फक्त पक्षपात सांभाळ. 1906 मध्ये मॉरिस लब्लाँ या फ्रेंच लेखकानं आपल्या आर्सेन ल्युपाँ या चोराच्या कथेत होम्सला आणलं. त्यात होम्स कोडं सोडवतो आणि ल्युपाँ त्याचं घड्याळ मारतो. दोघांच्याही पदरात काहीतरी पडलं. तरी होम्सचे लेखक कॉनन डॉयल यांनी हरकत घेतली, आणि लब्लाँला पुढं अक्षरं उलटीपालटी करून ‘हरलॉक शोम्स’ असं नाव वापरावं लागलं.

यावरून कायद्याकडं येते. आपल्याकडं लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो. ही वर्षं निधनाच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. डॉयल 1930 मध्ये गेले. चि. वि. जोशी 1963 मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कथा 1 जानेवारी 2024 पासून मोकळ्या झाल्या. तुझी जोडी चालेल. उद्या फास्टर फेणेला गुऱ्हाळावर आणायचा विचार आला तर वहीत खुशाल आण, पण त्याचे लेखक भा. रा. भागवत 2001 मध्ये गेले, त्यामुळे ती कथा छापायची असेल तर 2061 संपेपर्यंत हक्कदारांची परवानगी लागेल.

चौथं प्रकरण पुन्हा लिहिलंस की मला पाठव. गुळव्याचं बोलणं आपल्याकडच्या बोलीतच ठेव, चिमणरावाच्या पुणेरीत ओढू नकोस.