नवजात बाळाच्या गंभीर आजारावर स्टेम सेल उपचार होतो का? नाळेतलं रक्त साठवलं असेल तर काम भागतं का?

होतो (स्टेम सेल म्हणजे नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी; नाळेच्या रक्तात त्या असतात), पण मोजक्याच आजारांवर, आणि तेही बहुतेक रक्ताचे किंवा प्रतिकारशक्तीचे. थॅलेसेमिया मेजर (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा गंभीर आनुवंशिक आजार), काही जन्मजात ॲनिमिया, आणि एससीआयडी, म्हणजे बाळाला जन्मतः प्रतिकारशक्तीच नसणं. एससीआयडीत एकेक आठवडा मोलाचा असतो. साडेतीन महिन्यांच्या आत प्रत्यारोपण झालं तर ९० टक्क्यांहून जास्त बाळं वाचल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे.

नाळेच्या रक्ताबाबत मात्र पालकांची फार दिशाभूल होते. थॅलेसेमियाचा दोष जनुकात असतो, म्हणजे बाळाच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींतही तोच. त्या परत देऊन उपयोग काय? लागतात त्या निरोगी, जुळणाऱ्या दात्याच्या पेशी. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. १९८८ मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी नाळेच्या रक्ताचं पहिलं प्रत्यारोपण केलं, तेव्हाही फॅन्कोनी ॲनिमिया हा आनुवंशिक रक्तविकार असलेल्या मुलाला नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं होतं.

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझमसाठी कुणी ‘स्टेम सेल पॅकेज’ सांगत असेल तर कृपया पैसे भरू नका. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) त्याला नेहमीचा उपचार म्हणून मान्यता नाही, आणि खऱ्या क्लिनिकल ट्रायलमध्ये पालकांकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत.

मोठ्या मुलाला थॅलेसेमिया आहे आणि पुन्हा दिवस गेलेत, अशा घरात नाळेचं रक्त साठवण्याला खरा अर्थ आहे. त्यांनी प्रसूतीची वाट न पाहता आधीच हेमॅटॉलॉजिस्टना, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञांना, भेटावं.