होडीचं नाव वरच्या बाजूला आहे

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. अग्निवीर म्हणून तुझी 4 वर्षं पुरी व्हायला आता थोडेच महिने राहिलेत, पुढं काय म्हणून घरच्यांनी घोशा लावलाय, आणि तुला मात्र माझ्यासारखे 'कशाचेच नसलेले', म्हणजे अमूर्त फोटो काढायचेत. वाचून फार बरं वाटलं. आमच्या पलटणीतल्या कुणाच्या पोरानं हे मला कधी विचारलं नव्हतं.

आधी पैशाचं बोलतो. मी 24 वर्षं नोकरी करून पेन्शनीवर आलो, अग्निवीराला पेन्शन नाही. सेवानिधीचे, म्हणजे सुटताना एकरकमी मिळणारे, साधारण 11.71 लाख हातात पडतील, त्यातला एक रुपयाही महागड्या कॅमेऱ्यात घालू नकोस. आधी नोकरी धर. अमूर्त छायाचित्रांवर घर चालत नाही. माझा पहिला प्रिंट सहा वर्षांनी विकला गेला. जुना वापरलेला कॅमेरा, 50 मिमीची एक लेन्स आणि ट्रायपॉड एवढं सुरुवातीला पुष्कळ झालं.

तू लिहितोस की तुला कलेतलं काही शिकवलेलं नाही. हे मला मान्य नाही. बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरवर उस्तादांनी 'चीजें क्यों नजर आती हैं' हा धडा तुझ्याकडूनही घोकून घेतला असेल. आकार, सावली, चमक, आभाळावर उठून दिसणारी बाह्यरेषा, पृष्ठभाग, दोन वस्तूंमधलं अंतर, हालचाल. आपण तो शिकलो स्वतःला लपवायला. पण कागदावर पुन्हा लिहून बघ. चित्र ज्यावर उभं राहतं ते सगळं त्यात आहे. पहाटेच्या स्टँड-टूला, म्हणजे हत्यार घेऊन सज्ज राहायच्या वेळी, खंदकात उभा राहिला असशील, तेव्हा तिरप्या उजेडात समोरच्या उतारावरचा खडान्‌खडा वेगळा होताना पाहिला असशील. तोच उजेड भिंतीवर पडला की गिलाव्याचा पोत उठतो.

अडचण दुसरीच आहे, आणि ती मला फार वर्षं नडली. पहाऱ्यावरचा माणूस बघतो ते ओळखण्यासाठी. झुडूप हललं, तर वारा की माणूस? माणूस, तर आपला की परका? नाव चुकलं तर जीव जातो. हे अंगात इतकं मुरतं की घरी आल्यावरही माझी नजर गच्ची, ओढा, उसाचा फड धुंडाळायची आणि प्रत्येक गोष्टीला नाव देऊन पुढं सरकायची. नाव दिलं की बघणं संपतं. अमूर्त फोटोत तसंच डोळ्यांत तेल घालून बघायचं, पण नाव जिभेवर येऊ द्यायचं नाही.

मला हे हर्णैला उमगलं. जूनची सुरुवात होती, मासेमारीची बंदी लागलेली, होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. एका होडीचा रंग खरवडायचं काम अर्धवट सोडलेलं होतं. वर निळा, त्याखाली शेवाळी हिरवा, त्याखाली शेंदरी अस्तर आणि मग उघडं लाकूड. एका खिळ्यातून गंजाचा ओघळ उतरून हिरव्यात विरलेला. मी पोटावर पडून वीतभर तुकडा फ्रेममध्ये घेत होतो. होडीचा मालक थोडा वेळ बघत उभा राहिला आणि काळजीनं म्हणाला, "साहेब, नाव वरच्या बाजूला आहे, तिथनं घ्या." त्याला वाटलं, माझं महत्त्वाचं राहून जातंय. मी पुन्हा फ्रेममध्ये पाहिलं. तिथं होडी नव्हतीच. पावसाआधीचं आभाळ होतं, खाली ओलं रान, आणि मधोमध कुणीतरी एकटं चालत गेल्याची खूण.

तंत्राचं थोडक्यात. कॅमेरा पृष्ठभागाला अगदी समांतर धर, नाहीतर एक कडा धूसर होते. अ‍ॅपर्चर एफ 8 ते 11, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक ठेव. ओल्या रंगावर चमक मारत असेल तर पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर लाव. क्षितिज, माणूस, दरवाजा असं काही आत घेऊ नकोस. माप कळलं की डोळा लगेच वस्तू ओळखतो.

अमेरिकेच्या मायनर व्हाइट या छायाचित्रकाराची कामं शोधून बघ. कॅमेरा त्याच्या हातात आधीपासून होता. 1942 मध्ये तो सैन्यात गेला, फिलिपिन्समध्ये गुप्तवार्तेच्या कामावर होता, ब्राँझ स्टार हे पदक मिळालं. त्या काळात त्यानं फोटो थोडे काढले, कविता जास्त लिहिल्या. पुढं त्यानं टिपलं ते खिडकीच्या काचेवर गोठलेलं हिम, खडकातल्या रेषा, पोपडे आलेला रंग. आपल्याकडच्या चित्रकार नसरीन मोहमदींची छायाचित्रंही बघ. रस्त्यावरचे पट्टे, मागावरचे ताणलेले धागे. हयातीत त्यांनी ती कधी प्रदर्शनात मांडली नाहीत, तरी काढत राहिल्या.

तुला त्रास होईल तो लोकांच्या अपेक्षेचा. एका कलादालनात मला सरळ सांगितलं गेलं, "फौजी आहात ना, मग बर्फ, बंदुका, झेंडा असं काहीतरी आणा." दुसरे माझ्या गंजात रक्त शोधतात. बघणाऱ्याला रक्त दिसलं तर दिसू दे. पण खपेल म्हणून तू स्वतः तशा ओळी फोटोखाली लिहू नकोस. आपल्याबरोबरचे जे परत आले नाहीत, त्यांच्या नावावर प्रिंट विकायचा नसतो.

सुट्टीवर येशील तेव्हा तुमच्या गोठ्यामागची भिंत निवड. रोज सकाळी एकाच जागी उभा राहा, मोबाइलवर एकच फोटो काढ आणि वहीत तारीख, वेळ, उजेड कुठून आला ते लिही, मोर्चावरून दिसणाऱ्या खुणा आणि त्यांची अंतरं रेंज कार्डात भरतोस तसं. तीस दिवसांचे तीस फोटो प्रिंट करून घेऊन ये. मी ते अंगणात मांडीन. तोवर मला एकही पाठवू नकोस.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
सुभेदार काका