भरावावर घर बांधू का?

प्रश्न : चंद्रपूरजवळ सासरच्या गावी, बंद पडलेल्या उघड्या कोळसा खाणीच्या भरावावर स्वस्तात प्लॉट मिळतोय. भराव १० वर्षांचा आहे. घर बांधावं का?
– एक वाचक भगिनी, धायरी

उत्तर : ताई, इसार देऊ नका, आधी कागद बघा. कोळशासाठी १९५७च्या कायद्याखाली संपादन झालेली जमीन सरकारच्या किंवा कंपनीच्या नावे जाते. मग विकणाऱ्याकडे मालकी आली कुठून? सातबारा वकिलाला दाखवा.

आता जमिनीचं. खाणीत नोकरी केली, निवृत्त होऊन कोथरूडला आलो, पण एक घर विसरलो नाही. अर्धं मूळ जमिनीवर, अर्धं भरावावर. भेग वाढतेय का ते कळावं म्हणून भिंतीतल्या भेगेवर मी काचेची पट्टी प्लास्टरने बसवली होती. पावसाळ्यानंतर पाहिलं, तर पट्टी मधोमध तडकलेली. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या तिच्यावरून बोट फिरवत राहिल्या.

खाण चालू असताना पंपाने पाणी उपसतात. ती बंद पडली की पाणी हळूहळू वर चढतं आणि डंपरने नुसता ओतलेला सैल भराव भिजला की खचतो. म्हणून १० वर्षांचा भरवसा धरू नका. खड्ड्याची जुनी कड प्लॉटखालून जात असेल तर प्लॉट सोडाच. खाली भूमिगत खाणही होती का, तेही विचारा. सोडलेल्या खाणींचे नकाशे धनबादच्या खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे द्यावे लागतात.

तरीही मन होत असेल तर भरावाच्या तळापर्यंत बोअर घेऊन माती तपासा. खर्च होईल, पण करा.